मिदोदक पूर्वेला की पश्चिमेला

गोह्यनच्या किनाऱ्यावर मालबुनला तिच्या नावाने हाक मारणारं कुणी नव्हतं. ती लग्न होऊन गोसंगहून आली, म्हणून गावाने तिला गोसंगकरीण केलं, आणि गाव एकदा बारसं करतं तेव्हा बाईला विचारायला जात नाही. तिलाही त्याचं काही वाटत नसे. ती म्हणायची, "नाव काय चाटायचंय? कामाला हाक मारा, म्हणजे येते."

काम म्हणजे मिदोदक सोलायचं. डोंगरात दोदक नावाचा कंद मिळतो, तसाच दिसणारा हा पाण्यातला जीव, म्हणून मिदोदक, म्हणजे पाण्यातला दोदक. अंगठ्याएवढा, तपकिरी, खरबरीत सालीचा, खाली देठ. हा देठ दोरीला चिकटवून तो जन्मभर एका जागी बसतो. वर दोन तोंडं. एकाने पाणी आत ओढायचं, दुसऱ्याने बाहेर टाकायचं, आणि मधल्यामधे जे खाण्याजोगं असेल ते गाळून घ्यायचं. डोकं नाही, हातपाय नाहीत, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. मात्र दाबलं की अशी पिचकारी मारतो की नवखा माणूस डोळे चोळत बसतो.

साल अशी काढायची की आतली पातळ कातडी फाटता कामा नये. फाटली की पाणी गेलं, आणि पाणी गेलं की चव गेली. गोसंगकरीण शेजारणीशी बोलता बोलता, सुरीकडे न बघता, देठापासून एका फितीत साल उतरवायची. हात जेवढा हलका, तेवढीच जीभ तिखट. एखाद्या नव्या सुनेने कातडी फाडली की ही लगेच म्हणायची, "अगं, मिदोदक सोलतेयस की नवऱ्यावरचा राग काढतेयस? राग काढायचा तर घरी काढ, इथे गिऱ्हाईक खातं." आणि कुणी ओमांदुंगीची टोपली मिदोदक म्हणून सरकवली, तर मग तिची खैर नसे. ओमांदुंगी ही मिदोदकच्या भावकीतलीच, पण बिनदेठाची, गाठीगाठींची आणि चिवट. तिला सोलत नाहीत, सालीसकट चावतात. मासानच्या खाणावळीत तिखट माशाच्या रश्शात ती खपून जाते, पण गोसंगकरणीच्या समोर नाही.

तिच्या सासरी मिदोदकला कधीच मान नव्हता. ग्वाक घराण्यात दोन भाऊ. थोरला छांगदो, धाकटा पिल्दो. थोरल्याचे खाडीत कालवांचे तराफे होते, आणि कालवांच्या दोऱ्यांवर हा उपटसुंभ येऊन चिकटायचा. कालवांच्या तोंडचं खाणं पळवायचा, दोरी वजनाने खाली ओढायचा. थोरला शिव्या घालत खरवडायचा आणि पाण्यात फेकायचा. पिल्दो ते फेकलेलं टोपलीत भरून घरी आणायचा, आणि नवी नवरी असलेली मालबुन ते सोलायची. सासू नाक मुरडायची. म्हणायची, "थोरल्याचा केर धाकट्याच्या ताटात." पण जेवताना सगळ्यात आधी तिचाच वाडगा पुढे यायचा.

पुढे पिल्दोने स्वतःच्या दोऱ्या सोडल्या, नेमक्या भावाच्या तराफ्यांशेजारी, कारण पाणी तिथेच चांगलं होतं. त्या काळी सरकारदरबारी मिदोदक हा उपद्रवी जीव होता, मुद्दाम वाढवणं गुन्हा. गस्तीची होडी यायची, दोऱ्या कापून जायची, पिल्दो पुन्हा लावायचा. सरकारने कापल्या त्याचं त्याला दुःख नव्हतं. पण एका वसंतात थोरल्याने स्वतः कोयता घेतला. "तुझं मिदोदक माझ्या कालवांवर येतंय," असं म्हणून त्याने धाकट्याच्या सगळ्या दोऱ्या कापल्या. पिल्दोला ते खोटं वाटलं. त्याचं म्हणणं, खाडी केवढी, ज्याला यायचं तो कुठूनही येईल. त्या दिवसापासून भावाभावांचं बोलणं बंद झालं. कालांतराने सरकारचं मन पालटलं, मिदोदकला परवाना मिळाला, गावात सोलायची शेड उभी राहिली, वसंतात जत्रा भरू लागली. थोरल्याचं मन मात्र पालटलं नाही.

आणि मागच्या शरदात पिल्दो होडी ओढता ओढता छातीला हात लावून वाळूत बसला, तो पुन्हा उठला नाही.

आता हानसिक जवळ आला होता. हानसिक म्हणजे थंड जेवणाचा दिवस. त्या दिवशी डोंगरावरच्या थडग्यांवरचं गवत कापायचं, माती सारखी करायची आणि पितरांना जेवू घालायचं. पिल्दोचा हा पहिलाच हानसिक. त्याला मुलगा नव्हता, एक मुलगी, यनजू. त्यामुळे विधी थोरल्याच्या हातचा, आणि ताटात काय असावं हेही थोरल्याच्या तोंडचं. रीतच तशी आहे. गोसंगकरीण ती रीत मानत होती. पण एक गोष्ट तिने मनाशी पक्की केली होती: पिल्दोच्या ताटात मिदोदक असणार. ज्या जिवापायी तो अख्खं आयुष्य पाण्यात उभा राहिला, तोच ताटात नसेल, तर ते ताट त्याचं कसलं?

थोरला अंगणात आला, पण पायरी चढला नाही. उभ्या उभ्याच सांगू लागला, मासा अमुक आणा, मांस तमुक, फळं तुमच्या जाऊबाई आणतील.

"आणि मिदोदक मी आणीन, भावजी," ती म्हणाली.

थोरला थांबला. "गोसंगकरीण, थट्टा करताय का?"

"थट्टेच्या वयाची राहिले नाही मी."

"मग ऐका. पूर्वेला मासा, पश्चिमेला मांस, हे तुमच्या-माझ्या आज्यापणज्यांनी ठरवलं. मिदोदक कुठे ठेवणार? मासा असेल तर खवले दाखवा. मांस असेल तर रक्त दाखवा. भाजी म्हणाल, तर पिचकारी मारणारी भाजी मी अजून पाहिली नाही. दोरीवरचं शेवाळ आहे ते. ग्वाकांच्या ताटात शेवाळ बसत नाही."

"आणि बाजू सांगितली तर?"

"सांगा. नीट, पटेल अशी सांगा. मग खुशाल ठेवा." थोरला वळला. आपण जिंकलो असंच त्याला वाटत होतं, कारण जाताना त्याने कुंपणावरच्या मांजराला उगाच थोपटलं.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये ही गोष्ट सुरीच्या आधी पोचली. परक्याच्या श्राद्धात नाशपती कुठे मांडायची हे सांगायला गाव नेहमीच तयार असतं. एकीने फळांत ठेवायला सांगितलं, दुसरीने भाज्यांत, तिसरी म्हणाली, "ठेवूच नकोस, कशाला वाद? पिल्दो काय उठून विचारणार आहे?"

"तो नाही विचारणार," गोसंगकरीण म्हणाली. "मी विचारीन. स्वतःला. रोज." सुरी खाली ठेवून ती उठली आणि बस पकडायला गेली.

यनजू किनाऱ्यावरच्या दुसऱ्या गावात, मत्स्यबीज तयार करणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. आईला दारात बघून ती घाबरली.

"आई? काय झालं?"

"काही नाही झालं. मला सांग, मिदोदक मासा आहे की मांस?"

यनजू आधी हसली, मग आईचं तोंड बघून हसायची थांबली. सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "थोरल्या काकांनी प्रश्न मात्र बरोबर विचारलाय. मोठमोठे विद्वानही यावर अडखळले होते. पूर्वी त्यांनी याला शिंपल्यांच्या पंक्तीत बसवलं होतं."

"शिंपल्यांच्या? याला कुठे शिंपला आहे?"

"मऊ अंग, जागचा हलत नाही, पाणी गाळून खातो. वाटलं असेल त्यांना. आणि साल तर त्याहून विचित्र. कापूस ज्या द्रव्याचा असतो ना, लाकूड ज्याचं असतं, त्याच द्रव्याची. प्राण्यांमध्ये असली कापडं अंगावर विणणारी भावकी हीच."

"म्हणजे झाडच म्हण ना! त्यांच्या तोंडी आणखी शेवाळ घाल!"

"अगं, ऐक तरी." यनजूने आईला आत नेलं. तिथे टाकीत मिदोदक होते. पाणी थोडं कोमट ठेवून प्रयोगशाळेतले लोक त्यांना उन्हाळा आल्याची हूल देत, म्हणजे ते अंडी सोडत.

"यातल्या बायका कुठल्या?" गोसंगकरणीने विचारलं.

"सगळ्याच. आणि बापेही सगळेच. एकाच्याच अंगात दोन्ही असतं."

"वा! म्हणजे भांडायला घरात दुसरं कुणी नाही." ती टाकीवर वाकली. "सुखी आहेत."

यनजूने काचेच्या पट्टीवर पाण्याचा थेंब घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि आईचं डोकं हाताने धरून नीट जागेवर आणलं. गोसंगकरणीला आधी स्वतःच्याच पापण्या दिसल्या. मग धुकं दिसलं. मग त्या धुक्यातून काहीतरी वळवळत गेलं, आणि ती दचकून मागे सरली.

"बेडकाचं पिल्लू आहे ते! कुठलं डबक्याचं पाणी घेतलंस?"

"मिदोदक आहे, आई. लहानपणीचं."

"याला शेपूट आहे."

"आहे. आणि डोक्यात तो काळा ठिपका दिसतो? तो डोळ्यासारखा. उजेड कुठे, अंधार कुठे, एवढं कळतं त्याला. आता शेपटीच्या मधोमध बघ. एक दांडा दिसतो, सरळ?"

"दिसतो."

"तोच दांडा माशाच्या पिल्लात आधी असतो, मग त्याच्याभोवती पाठीचा कणा होतो. गाईच्या पोटातल्या वासरात तोच. तुझ्या पोटात मी होते तेव्हा माझ्यातही तोच. शेपूटसुद्धा होती मला, थोडे दिवस. शिंपल्यात हा दांडा नसतो, खेकड्यात नसतो, माकुलात नसतो. मिदोदकमध्ये असतो. विद्वानांनी हे पाहिलं, आणि मग याला शिंपल्यांच्या पंक्तीतून उठवून आपल्या पंक्तीत आणून बसवलं."

गोसंगकरीण पुन्हा वाकली आणि बराच वेळ वाकूनच राहिली. तिने आयुष्यात किती मिदोदक सोलले असतील याला गणती नव्हती, आणि त्यांचं बालपण ती आज बघत होती.  पिल्दोला हे दाखवायला हवं होतं, असं तिला फार वाटलं, आणि ती ते मोठ्याने म्हणालीही. यनजूने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"मग शेपटीचं होतं काय?"

"जागा शोधायची असते त्याला. खात नाही, पीत नाही, नुसतं पोहतं. दोरी सापडली की डोकं टेकवून चिकटतं. मग शेपूट आत ओढून पचवून टाकतं. दांडाही जातो, डोळाही जातो. मग उरतो तो तुझा मिदोदक." यनजूने बाजूच्या बशीतलं एक इवलंसं पारदर्शक पिल्लू सरकवलं. "हे चिकटून झालेलं. हृदय बघ त्याचं."

हृदय म्हणजे एक लवलवती नळी होती. ती एका बाजूला रक्त ढकलत होती. मग ती थांबली. गोसंगकरणीला वाटलं मेलं. तेवढ्यात ती पुन्हा सुरू झाली, पण उलट्या दिशेने.

"हे काय? विसरलं की काय कुठे जायचं ते?"

"असंच असतं. थोडा वेळ इकडे, थोडा वेळ तिकडे."

"चला. ग्वाक घराण्यापेक्षा बरं. तिथे एकदा दिशा धरली की संपलं."

दोघी खदखदून हसल्या. निघताना गोसंगकरीण सहज म्हणाली, "आणि तुझे थोरले काका म्हणायचे, तुमच्या दोरीवरचं माझ्या कालवांवर येतं. एवढंसं पोर ते, खाडीभर कुठेही जाईल."

यनजू दारातच थांबली. मग म्हणाली, "नाही गं आई. जेमतेम दिवसभर पोहतं ते, तेही पुरतं नाही. फार लांब नाही जाता येत. शेजारच्या दोरीवरच जाऊन बसणार."

"म्हणजे?"

"म्हणजे काका खोटं बोलत नव्हते."

बसमध्ये गोसंगकरीण खिडकीला डोकं टेकून बसली. मासा की मांस याचं उत्तर तिच्या पदरात होतं, पण त्याच्याबरोबर हे दुसरंही पदरात पडलं होतं, आणि ते तिला मुळीच नको होतं.

हानसिकला डोंगरावर लख्ख ऊन होतं. जुन्या थडग्यांवरचं गवत कापून झालं. पिल्दोच्या थडग्यापुढे चटई, चटईवर बैठं मेज. थोरला पांढऱ्या कपड्यात, जाऊबाई, त्यांचा मोठा मुलगा, सून, यनजू, भावकीतली चार माणसं. पाया पडणारा थडग्याकडे तोंड करून उभा राहतो, त्याच्या उजव्या हाताला पूर्व धरायची. ग्वाकांच्या घरी थडग्यापुढेही भात वाढतात, तोही वाढून झाला. गोसंगकरणीने सगळ्यात शेवटी टोपलीतून थाळी काढली. सोललेले मिदोदक, पिवळसर, टपोरे, एकाचीही कातडी फाटलेली नाही. कच्चेच, थंड जेवणाला शोभतील असे. थाळी हातात धरून ती उभी राहिली.

"पूर्व," ती म्हणाली. "माशाशेजारी."

थोरला म्हणाला, "कारण?"

तिने सांगितलं. शेपूट सांगितली, माशासारखं पोहणं सांगितलं, डोळा सांगितला, दांडा सांगितला. भावकीतले लोक आ वासून ऐकत होते. थोरला शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाला, "लहानपणी होती ना शेपूट? आता कुठे आहे?"

"पोटात जिरवली."

"मग झालं. माशाची जात त्याने स्वतःच सोडली. जे सोडलं त्याच्यावर हक्क कसला?"

"भावजी," गोसंगकरीण म्हणाली, "आईच्या पोटात तुम्हालाही शेपूट होती. आता दिसत नाही. तेवढ्यावरून तुम्हाला ग्वाक घराण्यातून काढायचं का?"

सून फिस्सकन हसली आणि बाहीत तोंड लपवून उभी राहिली. जाऊबाईंनी आकाशाकडे पाहिलं. थोरल्याचा मुलगाही ओठ चावत होता. फक्त थोरला हसला नाही. तो थाळीकडे बघत होता.

"पोहतं म्हणता," तो सावकाश म्हणाला. "किती लांब पोहतं?"

तिला कळलं तो काय विचारतोय. सगळ्यांनाच कळलं. "कोण जाणे" म्हणायला जिभेला काहीच कष्ट नव्हते, आणि यनजू सोडली तर तिथे खरं-खोटं करणारं कुणी नव्हतं. थडग्याच्या ताज्या मातीवर अजून नीट गवतही धरलं नव्हतं. नवऱ्याचा पहिला हानसिक, आणि त्याच्यासमोर, त्याच्याच विरुद्ध बोलायचं.

"लांब नाही," ती म्हणाली. "शेजारच्या दोरीपर्यंत. भावजी, तुमच्या कालवांवर जे यायचं ते आमच्याच दोरीवरचं होतं. तुमचं खरं होतं. त्याला ते कळलं नाही, आणि मलाही परवापर्यंत माहीत नव्हतं."

 खाली खाडीत कुणाच्यातरी होडीचं इंजिन टकटकत होतं. थोरल्याने वाकून माशाची थाळी थोडी आत सरकवली आणि पूर्वेला जागा केली.

"ठेवा," तो म्हणाला.

विधी सुरू झाला. पेल्यात तांदळाची दारू ओतली गेली, डोकी जमिनीला टेकली. मग जेवायला बोलवायची वेळ आली. त्या वेळी विधी करणारा भातात चमचा उभा रोवतो, आणि गेलेल्याला जे सगळ्यात आवडायचं त्या पदार्थावर जेवायच्या काड्या ठेवतो. ग्वाकांच्या घरी त्या काड्या नेहमी मोठ्या माशावर पडतात. आज्याच्या वेळी तिथेच पडल्या, बापाच्या वेळी तिथेच पडल्या, कधी कुणी विचारही केला नाही. थोरल्याने चमचा रोवला. काड्या उचलल्या. त्याचा हात माशावर आला आणि तिथे थबकला.  मग तो हात पुढे गेला आणि काड्या मिदोदकच्या थाळीवर टेकल्या. टेकताना त्या एकमेकींवर वाजल्या.

"खा, पिल्दो," तो म्हणाला. विधीत असं काही म्हणायचं नसतं.

पाया पडून झाल्यावर पितरांचं उरलेलं सगळ्यांनी वाटून खायचं असतं. बायका पानं लावू लागल्या. थोरल्यापुढे भात आला, मासा आला. त्याने मिदोदककडे बोट केलं. गोसंगकरणीने दोन वाढले. त्याने एक उचलला, तोंडात टाकला आणि चावला. बेसावध माणसाचं जे होतं तेच झालं. पिचकारी हनुवटीवरून थेट पांढऱ्या कपड्यावर.

"आधी दाताने हळूच टोचायचं, भावजी," ती म्हणाली. "जन्मभर खरवडलंत, पण खाल्लंत नाही कधी."

"कुणी दिलं नाही." थोरला चावत होता. आधी कडू, मग गोड, मग समुद्राची खारट चव, ती त्याच्या तोंडावर एकामागून एक दिसत होती. "पिल्दोने एकदाही दिलं नाही."

आता मात्र गोसंगकरणीला राहवलं नाही. हातातली वाढायची पळी तिने खाली ठेवली.

"दर वसंतात पहिली टोपली आली की तो तुमच्या वाटचं बाजूला काढायचा. ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायचा. संध्याकाळपर्यंत फाटकाकडे बघत बसायचा, आणि मग मला म्हणायचा, खाऊन टाक, नाहीतर खराब होईल. इतकी वर्षं तुमच्या वाटचं मी खाल्लंय, भावजी."

थोरल्याने मान वर केली नाही. दुसरा मिदोदक तोंडात टाकला, या वेळी नीट टोचून. भाताचं शेवटचं शीत संपवलं. मग रिकामा वाडगा दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.

"अजून आहे?"